हायावाथा, क्रूसिफिक्शन आणि मागे पडलेलं कोरल गाणं: पुन्हा बसवायचं तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात राहायला गेलेले एक मराठी गृहस्थ तिथल्या कोरल सोसायटीत, म्हणजे हौशी समूहगान मंडळात, गाऊ लागलेत. चहाच्या सुट्टीत जुने सभासद ‘हायावाथा’, ‘क्रूसिफिक्शन’, ‘ऑलिव्हेट टू कॅल्व्हरी’ यांची आठवण काढून हळहळतात. या रचना काय होत्या, मागे का पडल्या, आणि 40 जणांच्या वृंदाला त्या आज गाता येतील का? शिवाय स्वतः विचारणाऱ्यांना पाश्चात्त्य नोटेशन येत नाही, सरगम मात्र चांगली येते.

येतील, पण सगळ्या नाही आणि जुन्या पद्धतीनं तर मुळीच नाही. आधी एक गोष्ट लक्षात घ्या. यातल्या बहुतेक रचना ऐकणाऱ्यापेक्षा गाणाऱ्यासाठी लिहिलेल्या आहेत. रेकॉर्डिंग लावून बसलात तर अर्ध्या तासात कंटाळा येईल. तीच रचना वृंदात उभं राहून गायलात तर संपू नये असं वाटेल. तुमचे जुने सभासद खोटं बोलत नाहीत आणि या संगीताला गोडगट्ट म्हणणारे समीक्षकही चुकत नाहीत. निवड, तालीम आणि कार्यक्रमाची आखणी हे भान ठेवून केली तरच हा खटाटोप जमतो.

हॅलिफॅक्सची कोरल सोसायटी 1817 मधली, हडर्सफील्डची 1836 मधली. गिरण्यांच्या गावांत कामगार, कारकून, दुकानदार संध्याकाळी एकत्र येऊन हँडेल गात. हे शक्य झालं ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे स्वस्त छपाई. नोव्हेलो कंपनीनं 1840 च्या दशकापासून ओरॅटोरिओचे (वृंद, एकलगायक आणि वाद्यांसाठीच्या मोठ्या धार्मिक रचनांचे) लहान आकाराचे, पियानोची साथ खाली छापलेले वोकल स्कोअर, म्हणजे गायकांच्या प्रती, काढायला सुरुवात केली आणि सामान्य माणसाच्या हातात हँडेलचा संपूर्ण ‘मसाया’ आला. दुसरी म्हणजे टॉनिक सोल-फा. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांची कल्पना उचलून जॉन करवेन यांनी ती देशभर नेली. पाच रेघा आणि काळे ठिपके न शिकता, नुसत्या अक्षरांवरून चार आवाजांचं गाणं वाचता यायला लागलं. मोठ्या रचनांच्या स्वतंत्र सोल-फा आवृत्त्या छापल्या जात.

मग मागणी वाढली आणि ती पुरवायला नव्या रचना आल्या. बर्मिंगहॅम, लीड्स अशा शहरांच्या महोत्सवांसाठी संगीतकारांना दर वेळी नवं काही लिहायला सांगत. मेंडेलसोनचा ‘एलायजा’ 1846 मध्ये बर्मिंगहॅमला झाला तो याच रिवाजातून. स्टर्नडेल बेनेटची ‘द मे क्वीन’ 1858 मध्ये लीड्सला, आल्फ्रेड गॉलची ‘द होली सिटी’ 1882 मध्ये बर्मिंगहॅमला, सलिव्हनची ‘द गोल्डन लेजंड’ 1886 मध्ये पुन्हा लीड्सला. जॉन स्टेनरची ‘क्रूसिफिक्शन’ 24 फेब्रुवारी 1887 ला लंडनच्या मॅरिलबोन चर्चमध्ये पहिल्यांदा गायली गेली. ती महोत्सवासाठी नव्हती, साध्या चर्चवृंदाला गुड फ्रायडेच्या आसपास गाता यावी म्हणून होती. माँडरची ‘ऑलिव्हेट टू कॅल्व्हरी’ 1904 ची, त्याच साच्यातली. सॅम्युअल कोलरिज-टेलरची ‘हायावाथाज वेडिंग फीस्ट’ 11 नोव्हेंबर 1898 ला रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्ये झाली. त्या तरुण संगीतकारानं तिचे सगळे हक्क 15 गिनींना (पंधरा पौंडांहून थोड्या जास्त रकमेला) विकून टाकले होते. प्रती लाखोंनी खपल्या. तो 1912 मध्ये 37 व्या वर्षी गेला तेव्हा त्याच्या घरच्यांच्या हाती त्यातलं काही नव्हतं.

मागे पडण्याची कारणं एकाहून अधिक आहेत. पहिल्या महायुद्धानं तरुण टेनर आणि बास, म्हणजे पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज, नेले. 1922 नंतर रेडिओ आला आणि गावात गाणं हवं असेल तर गावानंच गायला हवं ही गरज संपली. मेथॉडिस्ट आणि इतर चॅपलं ओस पडत गेली. ‘क्रूसिफिक्शन’ आणि ‘ऑलिव्हेट’ यांचं खरं घर तेच होतं. शाळांतून सोल-फा गेलं. त्यातच अभिरुची बदलली आणि व्हिक्टोरियन म्हटलं की नाक मुरडायची सवय लागली. ‘मसाया’ टिकला, हडर्सफील्डला तो आजही नाताळात होतो, पण त्याच्या सावलीत वाढलेल्या शेकडो रचना कपाटात गेल्या. ‘हायावाथा’ त्या मानानं उशिरा गेली. 1924 पासून 1939 पर्यंत रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये ती वेशभूषेसह, शेकडो गायकांना घेऊन रंगत असे आणि नंतरच्या वर्षांत माल्कम सार्जंट तिचं संचालन करत. तुमच्या सभासदांच्या आठवणी बहुधा त्यांच्या आई-वडिलांकडून आलेल्या असतील.

आता निवड. 40 जणांत साधारण 14 सोप्रानो (बायकांचे वरचे आवाज), 11 आल्टो (बायकांचे खालचे), 6 टेनर, 9 बास असं गणित धरतो. टेनर हीच नाडी. टेनर जिथे दोन भागांत विभागले जातात ती रचना सोडा. पॅरीची ‘ब्लेस्ट पेअर ऑफ सायरन्स’ (1887) या सगळ्या काळातली फार वरच्या दर्जाची चीज आहे, पण ती आठ आवाजांची. तीन-तीन टेनरांवर ती कोसळते. ‘गोल्डन लेजंड’ संपूर्ण करायला मोठा वाद्यवृंद लागतो, कारण तिची मजाच वाद्यांत आहे. सुरुवातीला स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलभोवती वादळ आणि घंटा घोंगावतात ते पियानोवर हास्यास्पद होतं. मात्र तिच्यातली संध्याकाळची प्रार्थना, ‘ओ ग्लॅडसम लाइट’, बिनसाथीची आहे आणि तुमच्या वृंदाला अगदी बेतलेली. ‘होली सिटी’तून एखादा कोरस घ्या, सगळी नको. ‘मे क्वीन’ला हात लावू नका, शब्दच चालू देत नाहीत. ‘ऑलिव्हेट’ सोपी आहे, तासाभराची आहे, पण स्टेनरशेजारी ठेवली की तिची फिकी बाजू उघडी पडते. ‘हायावाथाज वेडिंग फीस्ट’ मात्र खरोखर चांगली. अर्ध्या तासाची, जवळजवळ सलग कोरसची, एकट्या टेनरला एकच गाणं. दोन जण एका पियानोवर बसून साथ करतील तरी उभी राहते.

हक्कांचा प्रश्न फारसा नाही. ब्रिटनमध्ये निर्मात्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं, भारतात 60. स्टेनर 1901 मध्ये गेला, कोलरिज-टेलर 1912 मध्ये. पण शब्द लिहिणाराही बघायचा असतो, हे लोक विसरतात. ‘क्रूसिफिक्शन’चे शब्द स्पॅरो-सिम्पसन यांचे, आणि ते 1952 पर्यंत हयात होते, म्हणजे ब्रिटनमध्ये शब्दांवरची मुदत अगदी अलीकडे संपली. ‘हायावाथा’चे शब्द अमेरिकन कवी लाँगफेलोच्या 1855 च्या काव्यातले, तिथे अडचणच नाही.

जुने नोव्हेलो स्कोअर सेकंडहँड मिळतात, पण त्यांत दोन खोड्या आहेत. मापांना (दोन उभ्या रेघांमधल्या ताल-खंडांना) क्रमांक नसतात, आणि वेगवेगळ्या छपाईत पानं जुळतीलच असं नाही. ‘पान 34, दुसरी ओळ’ असं म्हटलं की अर्धा वृंद भलतीकडे. म्हणून पहिल्या तालमीआधी एका प्रतीत सगळी मापं मोजून दर दहा मापांना पेन्सिलीनं क्रमांक घाला आणि तेच सगळ्यांकडून उतरवून घ्या. पाऊण तास जातो, पुढचे कित्येक तास वाचतात.

आता तुमचा सरगमचा मुद्दा. तुम्ही समजता त्यापेक्षा तुमची स्थिती चांगली आहे. टॉनिक सोल-फामधला ‘डो’ चल आहे, आपल्या षड्जासारखा: पट्टी कुठलीही असो, आधारस्वर तोच. जी मेजरची रचना असेल तर जी म्हणजे सा. (गोव्याकडचे कुणी वृंदात असतील तर त्यांना हे उलटं वाटेल. चर्चच्या शाळेत शिकवला जाणारा सोल्फेजो पोर्तुगीज वळणाचा, तिथे ‘दो’ म्हणजे कायम सी. त्यांना सरळ स्वरांची नावं वापरू द्या, मिसळ करू नका.) सोल-फाच्या छापील ओळीत मात्रा अपूर्णविरामानं वेगळी करतात, अर्धी मात्रा टिंबानं, पाव मात्रा स्वल्पविरामानं, लांबवलेला स्वर आडव्या रेघेनं. वरच्या सप्तकाला अक्षराच्या वर छोटी खूण, खालच्याला खाली. दोन दिवसांत डोळा बसतो. मिझोराममधल्या चर्चवृंदांत आजही हीच लिपी सर्रास चालते.

तीन ठिकाणी मात्र सरगमवाले अडखळतात. पहिलं, पट्टी बदलते. जी मेजरमधून डी मेजरमध्ये गेलं की पंचमाचा षड्ज होतो. सोल-फात त्या जागी एक जोड-स्वर लिहितात: जुनं नाव बारीक, नवं नाव मोठं. तुमच्या वहीतही तसंच करा. त्या एका स्वरावर थांबून जुन्या नावानं आणि मग नव्या नावानं चार वेळा गा, आणि पुढे जा. दुसरं, मायनर. करवेन पद्धतीत मायनरचा आधार ‘ला’, म्हणजे धैवत. राग गाणाऱ्या कानाला तो नवा षड्जच वाटतो आणि कोमल ग, कोमल ध, कोमल नी घेऊन सा-पासून गावंसं वाटतं. दोन्ही बरोबर आहेत; पण शेजारी सोल-फावाला असेल तर दोघांनी एकच धरा, नाहीतर एकमेकांना स्वर सांगताना घोळ होतो. तिसरं, स्टेनरच्या आल्टो ओळी अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकतात. तिथे स्वरनावांपेक्षा हार्मोनियमवर आपली एकच ओळ, सुराची मुख्य ओळ न वाजवता, सावकाश दहा वेळा वाजवून गाणं जास्त उपयोगी.

मींड मात्र पूर्ण सोडायची. एका आवाजाला शोभणारी घसरण आठ जणांनी वेगवेगळ्या वेगानं घेतली की चार आवाजांच्या सुरावटीची कड पुसली जाते. स्वर सरळ लावायचा, सरळ सोडायचा.

बिनसाथीच्या जागांचा सूर खाली उतरत जातो, ही सगळ्या हौशी वृंदांची जुनी व्याधी. ‘क्रूसिफिक्शन’मधला ‘गॉड सो लव्हड द वर्ल्ड’ हा तर तिचा अड्डा. कारणं ठरलेली आहेत: एकाच स्वरावर अनेक शब्द आले की दर शब्दाला स्वर केसभर खाली बसतो, उतरत्या ओळीत पावलं मोठी पडतात, आणि वाक्याच्या शेवटी सगळे एकदम श्वास सोडतात. उपाय पण ठरलेले. एकाच स्वरावरची वाक्यं गाताना प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा किंचित वर आहे असं मनात धरायचं. श्वास शेजाऱ्याच्या जागी घ्यायचा नाही आणि वाक्य संपतं तिथेही नाही. लांब शब्दाच्या मध्ये, हळूच. प्रत्येकानं आपली जागा स्कोअरवर खुणेनं नक्की करायची. तालमीत तानपुऱ्याचं ॲप लावून सा-पवर हा भाग गायला तर कान सुधारतो, पण दोन पथ्यं पाळा. पट्टी बदलते त्या ओळींना तानपुरा बंद. आणि ऑर्गनबरोबरच्या भागांना तानपुरा नकोच: तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार ऑर्गन-पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो, त्यामुळे एकाची सवय दुसऱ्याच्या साथीत बेसूर लागते.

याच जागेचा आणखी एक रोग म्हणजे संथपणा. भक्तिभाव म्हणजे रेंगाळणं अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. स्टेनरनं वर लिहिलेली सूचना ‘आन्दान्ते मा नॉन लेन्टो’ अशी आहे, म्हणजे चालती लय, संथ नव्हे. मिनिटाला 72 ते 80 मात्रांच्या खाली जाऊ नका. लय ओढली की श्वास अपुरा, श्वास अपुरा की स्वर उतरतो. निम्मं उतरणं नुसती लय सावरल्यावर थांबतं.

वरच्या स्वरांबद्दल सोप्रानो कुरकुरल्या तर त्यांना एक सांगा. 1890 च्या दशकापर्यंत इंग्लंडमधल्या मोठ्या वाद्यवृंदांची पट्टी आजच्या 440 ऐवजी सुमारे 452 हर्ट्‌झ होती, जवळपास पाव स्वर वर. तेव्हाच्या मोठ्या महोत्सवांतल्या बायका आजच्यापेक्षा उंच गात होत्या. म्हणून पट्टी खाली उतरवून घेण्याची घाई नको. तसं केलं की बासचे खालचे स्वर नाहीसे होतात आणि रचना काळवंडते.

टेनर कमी पडले तर खालच्या आवाजाच्या दोन आल्टो टेनरची ओळ गाऊ शकतात, दोनच. त्याहून जास्त घेतल्या तर टेनरचा धातू जातो, शिवाय मध्य सी-च्या खाली बहुतेक बायकांचा आवाज पोकळ होतो. बासमधल्या उंच आवाजाला टेनरमध्ये ढकलू नका. तो पहिली दहा मिनिटं छान गातो आणि मग ओरडतो. बसवताना टेनर मध्यभागी, पुढच्या ओळीत ठेवा. जुन्या पद्धतीत ते मागच्या कोपऱ्यात असायचे कारण संख्या भरपूर होती.

उच्चारांत मराठी गायकाची ठरावीक ठिकाणं आहेत. ‘वर्ल्ड’मधला र लवकर लावू नका, स्वर लांबवा आणि ल्ड अगदी शेवटी, हाताच्या इशाऱ्याबरोबर. ‘लव्हड’ एकाच अक्षराचा, ‘लव्हेड’ नव्हे. ट आणि ड आपल्यासारखे मूर्धन्य जड नकोत, जीभ थोडी पुढे. वाक्याच्या शेवटचा स मात्र सगळ्यांनी म्हणूच नये. दर ओळीत दोघांनी म्हणावा, बाकीच्यांनी सोडावा. चाळीस जणांचा स म्हणजे कुकरची शिट्टी.

‘हायावाथा’ची अडचण वेगळी. लाँगफेलोचं वृत्त दर ओळीला पहिल्या अक्षरावर आघात करतं आणि तसंच्या तसं गायलं तर दोन पानांत ठोकळेबाज होतं. दोन-दोन ओळी एका दमात बांधा, आघात दुसऱ्या ओळीच्या मुख्य शब्दावर न्या. ‘पाऊ-पुक-कीविस’सारखी नावं आधी नुसती तालात, स्वराविना, चढत्या वेगानं म्हणून घ्या, गाताना नावं अडली की अख्खी ओळ मागे राहते. दमसासाचा हिशेब ठेवा: अर्धा तास वृंदाला विश्रांतीच नाही, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत मोठ्यानं गाऊ नका. मोठा आवाज टेनरच्या ‘ऑनअवे, अवेक, बिलव्हेड’नंतर लागणार आहे. आणि पिसांचे मुकुट, रंगवलेले चेहरे हा आल्बर्ट हॉलचा प्रकार उकरून काढू नका. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं ते सोंग तेव्हा खपलं. संगीताला त्याची गरज नव्हती. काळ्या कपड्यांत उभं राहून गा आणि कार्यक्रमपत्रिकेत कवितेची आणि संगीतकाराची माहिती नीट द्या. त्याचे वडील सिएरा लिओनचे डॉक्टर होते, हेही त्यात यावं.

तालमी किती? दोन तासांच्या दहा. ‘क्रूसिफिक्शन’ घेत असाल तर पहिल्या दोन तालमी पाच स्तोत्रं आणि ‘गॉड सो लव्हड’, पुढच्या तीन ‘फ्लिंग वाइड द गेट्स’च्या मिरवणुकीला, कारण तो सर्वांत लांब आणि सर्वांत फसवा भाग, मग दोन शेवटच्या मोठ्या कोरसला, आठवी एकलगायकांसह सलग, नववी आणि दहावी प्रत्यक्ष चर्चमध्ये ऑर्गनसह. नववी टाळून एकच ठेवू नका. ऑर्गन वृंदापासून 20 मीटरवर असेल तर त्याचा आवाज पोहोचायला सेकंदाचा सुमारे सतरावा भाग लागतो. वृंद कानानं ऑर्गनच्या मागे गायला लागला आणि वादक वृंदाची वाट बघायला लागला की लय दर पानाला थोडी-थोडी बसत जाते. कंडक्टरच्या काठीबरोबर गायचं, कानाबरोबर नाही, हे अंगवळणी पडायला एक पूर्ण संध्याकाळ जाते. कमी तालमींचा नमुना बघायचा असेल तर एल्गारचा ‘ड्रीम ऑफ जेरॉन्शस’ आठवा: बर्मिंगहॅम, 3 ऑक्टोबर 1900. वृंदाची तयारी करून घेणारा संचालक त्याच उन्हाळ्यात वारला, कोरसच्या प्रती उशिरा आल्या, आणि इंग्लंडमधल्या नावाजलेल्या वृंदानं ती कलाकृती पहिल्या रात्री पार घालवली.

पहिल्याच वर्षी एक संपूर्ण रचना घेण्यापेक्षा एक मिश्र संध्याकाळ करा. पहिल्या भागात ‘ओ ग्लॅडसम लाइट’, ‘होली सिटी’तला एक कोरस, ‘गॉड सो लव्हड’ आणि ‘क्रूसिफिक्शन’मधली दोन स्तोत्रं, दुसऱ्या भागात ‘हायावाथा’. मध्यंतरासकट दोन तासांच्या आत बसतं. स्तोत्रं श्रोत्यांनी गावीत अशीच रचलेली आहेत, म्हणून शब्द मोठ्या अक्षरांत छापून खुर्च्यांवर ठेवा. पहिलं कडवं वृंदानं एका आवाजात गाऊन दाखवायचं, दुसऱ्यापासून कंडक्टरनं श्रोत्यांकडे वळायचं आणि चार आवाज फक्त शेवटच्या कडव्याला उघडायचे. वृंद आधीपासून चार आवाजांत गेला तर श्रोते गप्प बसून ऐकत राहतात. शेवटच्या कडव्याला लय सैल पडते तेव्हा ऑर्गनवादकानं पायांनी वाजवायचे स्वर तुटक वाजवावेत, सभागृह आपोआप बरोबर येतं.